पांढरी पाच

गेल्या वर्षी ऐन श्रावणात आमच्या डाव्या स्पीकरने मौन धरलं. मल्लिकार्जुन मन्सूरांची रेकॉर्ड लावली होती. बुवा उजव्या कोपऱ्यातून गात होते आणि डावीकडची पेटी नुसती कपाटासारखी उभी. मी ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर एक थाप मारली. टीव्हीच्या काळापासून आमच्या घराण्यात चालत आलेली ही विद्या. दोन सेकंद आवाज आला, परत गेला. मग मी स्क्रूड्रायव्हर शोधायला उठलो.

नशीब, की उघडण्याआधी काकांना फोन लावला. सेट मुळात त्यांचाच. 1984 साली लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला, आणि दादरची जागा सोडताना त्यांनी टेम्पोत घालून मला पुण्याला पाठवलेला. काकांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात, लाइनीवरचे दोष शोधण्यात गेली.

"काय करतोयस?"

"झाकण काढतोय."

"ठेव ते. आधी डावं-उजवं बदल."

बंद करून मागच्या स्पीकरच्या तारा एकमेकींच्या जागी लावायच्या. डावी पेटी तरीही गप्प राहिली तर दोष पेटीत किंवा तिच्या तारेत. पण मौन उजव्या पेटीत गेलं, तर पेट्या ठणठणीत आहेत आणि दोष मागे कुठंतरी आहे. तसंच झालं. उजवी पेटी गप्प, डावी खणखणीत. तारा पूर्ववत करून मग रेकॉर्ड प्लेअरच्या दोन पिना अदलाबदल केल्या. आता डावीच गप्प राहिली, म्हणजे प्लेअर, सुई, पिना सगळे सुटले. उरला ॲम्प्लिफायर. दहा मिनिटं, एकही स्क्रू न काढता. खांब मोजत जायचं, काका म्हणाले, अर्धी लाइन चांगली निघाली की ती विसरायची.

"आता टेप मॉनिटरचं बटण दाब."

"काका, टेप डेक विकून मला पंधरा वर्षं झाली."

"म्हणूनच. दाब. वीस-पंचवीसदा."

सगळा आवाज त्या खटक्यातून पुढे जातो, टेप डेक असो वा नसो. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही की आतल्या पत्र्यावर ओल्या हवेचा थर चढतो आणि एका बाजूचा स्पर्श सुटतो. मी बटण मोजून पंचवीसदा दाबलं. अकराव्या की बाराव्या वेळी डावीकडून कर्रर्र झालं आणि बुवा मधोमध येऊन बसले. माझ्या थापेने दोन सेकंद काय हललं होतं, तेही कळलं.

हा उपाय तात्पुरता, हेही काकांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीत जाऊन काँटॅक्ट क्लीनरचा डबा आणला. प्लग काढला. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते म्हणून काकांच्या आज्ञेने अर्धा तास चहात घालवला आणि मगच झाकण उघडलं, तेही आत बोटं न घालण्याच्या अटीवर. खटक्यात आणि व्हॉल्यूमच्या बटणाच्या मुळाशी एक-एक फवारा, मग बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याच बटणाची खरखर घालवायला मी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले होते. पंधरा दिवस लोण्यासारखं फिरलं, मग त्या तेलाने घरातली धूळ गोळा करायला घेतली. आता आत काळा चिखल दिसला. फोनवर मी त्याचा उच्चार केला नाही. काकांनीच विचारलं, "कुणी तेल घातलं होतं का रे यात?"

क्लीनर वाळू दिला, सगळं परत जोडलं, सुरू केलं. दोन्ही पेट्या बोलत होत्या. पण रेकॉर्ड लावण्याआधीच खोलीत एक घूंऽऽ भरून राहिलं होतं. व्हॉल्यूम वाढवला की तेही वाढे.

लेक गाणं शिकते. ती आतून आली, कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, पांढरी पाच. पण जरा चढी आहे." हार्मोनियमवर ताडून पाहिलं तर खरंच तसं. काकांना सांगितल्यावर ते पहिल्यांदाच हसले. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची, आणि पांढरी पाचचा खालचा सूर 49 च्या आसपास. पोरीने लाइनीचा सूर अचूक पकडला होता. "तंबोरा जुळवता येईल, ही वीज नाही," काका म्हणाले, "प्लेअरची हिरवी तार बघ."

प्लेअरमधून पिनांच्या जोडीला एक बारीक तार निघते, ती ॲम्प्लिफायरच्या मागच्या अर्थच्या स्क्रूला बांधायची असते. सुईकडून येणारा आवाज इतका नाजूक असतो, की तो कित्येक पटींनी वाढवावा लागतो, आणि ही तार सुटली की त्याच्याबरोबर घरातल्या विजेची गुणगुणही वाढून येते. आमची हिरवी तार कपाटामागे झुरळासारखी लोंबत होती. स्क्रू आवळला, पांढरी पाच बंद. लेक जरा हिरमुसलीच.

एवढ्यावर मी समाधानी होतो. बायको नव्हती. ती म्हणाली, आवाज आहे, पण भरीव नाही. बुवा समोर बसल्यासारखे वाटत नाहीत, खोलीभर पसरलेत, आणि तबल्याचा बायाँ कुठं गेला? मी म्हटलं, तुझा भास. मग पेट्यांच्या मागे वाकून पाहिलं. सगळं परत जोडताना एका पेटीची लाल तार मी काळ्या टोकाला लावली होती. एक पडदा पुढे येई तेव्हा दुसरा मागे जाई, आणि दोघांच्या ओढाताणीत खर्ज हवेतच मरे. दोन तारा उलटवल्या आणि बायाँ परत आला. या एका चुकीचं काकांना आजतागायत कळवलेलं नाही.

दिवाळीत ते आले. मी मुद्दाम तीच रेकॉर्ड लावली, खुर्ची दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये ठेवली, चहा दिला. काका बसले नाहीत. कपाटाशी गेले, भिंतीला गाल टेकवून हात मागे घातला आणि हिरव्या तारेचा स्क्रू बोटांनी चाचपला. मग पेट्यांच्या मागेही एक नजर टाकली. "लाल-काळं एकदा उलटं झालं होतं ना?" त्यांनी विचारलं. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. बायको चकल्यांचा डबा उघडण्यात अगदी गढून गेली होती.