पश्चिमेची भिंत आणि गरम पाण्याची लाइन

डोंबिवलीत घराची पश्चिमेची भिंत दोन ऋतूंचा मार खाते. एप्रिल-मेमध्ये दुपारपासून मावळतीपर्यंत ऊन तिच्यावर तळपत असतं आणि जून लागला की नैर्ऋत्येचा पाऊसही तिलाच झोडपतो. आईबाबांच्या घराला एक खोली जोडायचं ठरलं, तेव्हा मोकळी जागा नेमकी त्याच बाजूला होती. बाबांना जिना चढवत नव्हता, म्हणून तळमजल्यावर झोपायची खोली आणि तिला लागून बाथरूम हवं होतं.

मी ठाण्यात घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये राहते. तिकडच्या बऱ्याच नव्या इमारतींसारखी आमचीही ॲल्युमिनियमच्या शटरिंगमध्ये ओतलेली आहे. बाहेरच्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या, सहा इंची. काम झपाट्यानं उरकतं, भिंत सरळ आणि मजबूत येते. पण काँक्रीटमधून उष्णता विटेपेक्षा जवळपास दुप्पट सहज वाहते. मे महिन्यात रात्री अकराला पलंगाजवळच्या भिंतीला हात लावला तर ती चक्क गरम लागते. दिवसभर मुरलेला ताप ती रात्रभर आत सोडत राहते. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना अशा खोलीत झोपवायचं नाही, एवढं माझं पक्कं होतं.

कॉन्ट्रॅक्टर अनुभवी आणि सरळ माणूस. त्याचं म्हणणं, “मॅडम, नऊ इंची वीट घाला. भिंतीला इन्सुलेशन थंडीच्या मुलखात लावतात. आपल्याकडे कुठंय थंडी?” हा समज मला फार ठिकाणी भेटला आहे. उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते. थंड देशात ती घरातून बाहेर पळते, आपल्याकडे बाहेरून आत घुसते. अडवायचं तंत्र एकच. माझं कामच कारखान्यातल्या वाफेच्या लाइनचं आहे. तिथे उघडा पाइप दिसला तर साहेब लोक जाब विचारतात, कारण त्यातून जळालेलं इंधन हवेत जात असतं. घरात मात्र गच्चीवरचा गरम पाण्याचा पाइप वर्षानुवर्षं उघडा पडलेला असतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आकड्यांत सांगायचं तर प्लास्टर केलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीतून, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, चौरस मीटरमागे साधारण २ वॉट उष्णता जाते. आठ इंची एएसी ब्लॉकच्या भिंतीतून पाऊण वॉटच्या आसपास. ब्लॉकमध्ये हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले असतात आणि अडवण्याचं काम ती कोंडलेली हवा करते. म्हणून ब्लॉक घेतले. पण हाच ब्लॉक पाणीही चटकन पितो, आणि ओली झालेली भिंत उष्णता अडवत नाही. कोकणपट्टीच्या पावसात बाहेरचं प्लास्टर म्हणजे त्या भिंतीचा रेनकोट. कॉलम-बीमला ब्लॉक जिथे भिडतो तिथे हमखास तडा जातो; त्या प्रत्येक सांध्यावर जाळी ठोकून मगच प्लास्टर, तेही दोन हातांत, वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून. वर पांढरा रंग. गवंडी जाळी लावताना मी समोर उभी राहायचे. सगळ्यात जास्त घाई तिथेच होते.

छपराचा प्रश्न त्याहून मोठा. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर असतो. त्या दिवसांत भिंतींपेक्षा स्लॅबच जास्त भाजतो. ऊर्जा दक्षता ब्यूरोनं २०१८ साली घरांसाठी इको-निवास संहिता आणली, तिच्यात छपरासाठी १.२ वॉटची मर्यादा घातली आहे. उघडा काँक्रीटचा स्लॅब तिच्या दुपटीहून पुष्कळ जास्त उष्णता आत सोडतो. आम्ही स्लॅबवर आधी वॉटरप्रूफिंग केलं, त्यावर पन्नास मिलिमीटर जाडीचे एक्सपीएसचे तक्ते, वर जाळी घालून कोबा आणि शेवटी पांढरा चायना मोझॅक. एक्सपीएस दिसायला थर्माकोलसारखं, पण ठिसूळ नाही आणि पाणी जवळपास धरत नाही. तक्ते स्लॅबच्या वर हवेत, खाली नकोत. खाली लावले तर सगळा स्लॅब तापतो आणि तापतच राहतो.

खरा पेच मात्र नकाशात होता.

बाथरूम कुठे घ्यायचं? पश्चिमेच्या टोकाला घेतलं तर ते ऊन आणि पलंग यांच्यामध्ये ढालीसारखं उभं राहतं. तिथली भिंत तापली तरी कुणाची झोप मोडत नाही, उलट फरशी लवकर सुकते. जुन्या घरात पडवी हेच काम करायची. पण गरम पाणी येणार जुन्या घराच्या गच्चीवरून. तिथे आमचा सोलर आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेनं नव्या इमारतींना सोलर सक्तीचा केला, आमच्या जुन्या घरावर तो बाबांनी हौसेनं बसवलेला. म्हणजे बाथरूम पश्चिमेला सरकवलं की पाइप लांबतो. भिंतीचं हित एकीकडे आणि पाइपचं दुसरीकडे. हा निर्णय पाया खणण्याआधी, एकाच कागदावर व्हायला हवा होता. आपल्याकडे भिंती उभ्या राहिल्यावर प्लंबरला बोलावतात, तेव्हा त्याच्या हातात भिंत फोडण्यापलीकडे काही उरत नाही.

मी हिशेब मांडला. गच्चीवरून बाथरूमपर्यंत सरळ वाटेनं अठरा मीटर. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं, म्हणजे सकाळी साडेचार लिटर थंड पाणी आधी सांडायचं. पाणीकपातीच्या दिवसांत हे जिवावर येतं. अर्धा इंची पाइपात जेमतेम सव्वादोन लिटर. प्लंबरकाका म्हणाले, “ताई, अर्ध्यात प्रेशर कमी पडेल.” टाकी नळापासून सातएक मीटर उंच आहे, दहा मीटरला एक किलो दाब धरला तर पाऊण किलोच्या जवळपास. एकाच बाथरूमला स्वतंत्र लाइन असेल तर बादली भरायला तेवढा पुरतो. बाथरूम पश्चिमेलाच घेतलं, लाइन अर्ध्या इंचाची.

काकांना पाइप भिंतीला घट्ट क्लॅम्प करायची सवय. सीपीव्हीसी गरम पाण्यानं वाढतो. चाळीस अंशांच्या फरकाला अठरा मीटरमध्ये जवळजवळ पाच सेंटिमीटर. जागा नाही मिळाली तर तो वाकतो आणि सांध्यावर ताण येतो. कठड्यालगत एक मोकळं वळण दिलं, क्लॅम्प सैल ठेवले. काकांनी ते पटल्यावर स्वतःहून दुसरं वळण सुचवलं आणि ते माझ्यापेक्षा चांगल्या जागी होतं. पूर्ण लाइनला नायट्राइल रबरची नळी चढवली, कारण बारीक पाइपातलं थोडं पाणी लवकर निवतं. उन्हात हा रबर दोन-तीन वर्षांत भेगाळतो, म्हणून गच्चीवरच्या भागाला वरून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं आवरण.

पश्चिमेच्या भिंतीत एकही झिरी मारायची नाही, हा माझा हट्ट होता. झिरी मारली की तिथे भिंत पातळ होते आणि पावसाला वाट मिळते. सगळे पाइप खोली आणि बाथरूममधल्या आतल्या भिंतीत घेतले. चार इंची भिंतीत आवरणासकट पाइप बसवला तर एक तृतीयांश जाडी खाल्ली जाते, म्हणून ती सहा इंची केली. जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांसाठी गीझरही त्याच भिंतीवर, आरपार बोल्ट टाकून, कारण एएसी ब्लॉकमध्ये साधा खिळा-फिशर वजन धरत नाही. थंड पाणीही गच्चीच्या त्याच टाकीवरून घेतलं. थंड लाइनला पंप आणि गरम लाइन नुसत्या उतारावर असली, तर मिक्सरमधून थंड पाणी उलटं सोलरमध्ये शिरतं.

प्लास्टरआधी लाइनला हातपंपानं दाब देऊन तासभर काटा पाहिला. मग टेप लावून प्रत्येक पाइपचे फोटो काढले. ते छापून बाबांनी घरपट्टीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये ठेवले आहेत.

यंदा मेमध्ये बाबा दुपारी त्या खोलीत नुसत्या पंख्यावर झोपत होते. हॉलमध्ये बसवत नव्हतं. पावसाळ्यात आतल्या बाजूला ओल नाही. पहाटे गरम पाणी चटकन येतं, आईचे आखडलेले हात त्यानं मोकळे होतात. जुन्या घराची गरम लाइन अजून तशीच उघडी आणि लांबलचक आहे. ती दिवाळीनंतर बदलायचा माझा विचार आहे, पण त्यासाठी मोरीची फरशी उखडावी लागेल आणि आई अजून त्याला राजी नाही.