मुद्दलाला हात न लावता

जुलै ते सप्टेंबर हे आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत लिफाफ्यांचे महिने असत. मार्चअखेरचे हिशेब कंपन्या उन्हाळ्यात पुरे करत, पावसाळ्यात वार्षिक सभा होत आणि सभेत मंजूर झालेला लाभांश पोस्टानं घरोघरी येई. लांबट लिफाफा, पत्त्यापुरती पारदर्शक खिडकी, आत छापील सहीचं डिव्हिडंड वॉरंट. रक्कम कधी ऐंशी रुपये, कधी साडेतीनशे. बाबा लिफाफा कात्रीनं एका बाजूनं कापत, अर्धुक फाडून फाइलला लावत आणि शनिवारी बँकेत स्लिपा भरायला मला सोबत नेत. वॉरंटची मुदत संपली तर ते कंपनीच्या रजिस्ट्रारकडे पाठवून नव्यानं मुदत घालून घ्यावी लागे आणि त्यात दोन-तीन महिने सहज जात. म्हणून पावसात भिजत का होईना, शनिवार चुकत नसे.

बाबा ठाण्यातल्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. नोकरी खासगी. भविष्य निधी आणि ग्रॅच्युइटी एकदाच हातात पडणार, पुढचं आपलं आपण पाहायचं. १९९५ साली भविष्य निधीला जोडून पेन्शन योजना आली खरी, पण तिचे महिन्याचे काहीशे रुपये वाण्याच्या बिलालाही पुरते ना. सरकारी नोकरीतल्या शेजाऱ्यांना हा घोर नव्हता. आमच्या घरी मात्र निवृत्तीचा विचार चाळिशीतच सुरू झाला होता आणि तो सगळा एका वाक्यात मावत असे: मुद्दलाला हात लावायचा नाही. घर व्याजावर आणि लाभांशावर चाललं पाहिजे.

त्यांचे शेअर आले कुठून, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. १९७३च्या परकीय चलन कायद्यानं बहुतेक परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणणं भाग पडलं. त्यांनी शेअर जनतेला विकले. किंमत कंपनी ठरवत नसे, दिल्लीतलं भांडवल नियंत्रकाचं कार्यालय ठरवे, आणि ती बहुधा खऱ्या मोलापेक्षा बरीच कमी असे. फोर्टात फुटपाथवर अर्जांचे गठ्ठे घेऊन माणसं बसलेली असत. बाबा स्वतःच्या, आईच्या आणि आजीच्या नावानं अर्ज भरत. लॉटरीत कधी पन्नास शेअर लागत, बहुतेकदा पैसे परत येत. १९९२ साली ते कार्यालयच बंद झालं आणि स्वस्तात मिळण्याचे दिवस संपले. तोवर घरच्या गोदरेजच्या कपाटात काही जाड, नक्षीदार कागद जमले होते.

लाभांशाच्या टक्क्यांनी त्या काळी पुष्कळांची दिशाभूल झाली. “अमक्यानं चाळीस टक्के दिला,” असं लोक लोकलमध्ये सांगत आणि ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारत. पण टक्के दर्शनी किमतीवरचे. दहा रुपयांच्या शेअरवर चाळीस टक्के म्हणजे चार रुपये. बाजारात तो शेअर तीनशेला असेल, तर आज घेणाऱ्याच्या हाती सव्वा टक्क्याहून थोडं जास्त पडतं. ज्यानं तो पंधरा रुपयांना घेऊन ठेवला, त्याला मात्र त्याच चार रुपयांत गुंतवणुकीचे सुमारे २७ टक्के दरवर्षी मिळतात. बाबांच्या वहीत म्हणून खरेदीच्या किमतीचा वेगळा रकाना होता. लाभांशाची गोडी चाखायला वेळ द्यावा लागतो, हे मी त्या रकान्यात शिकलो.

बाबा निवृत्त झाले १९९६ मध्ये. आता त्या काळाची आठवण निघाली की हमखास एक उसासा ऐकू येतो: “तेव्हा पोस्टात तेरा टक्के मिळायचे हो!” खरंच मिळायचे. पोस्टाची मासिक उत्पन्न योजना १३ टक्के देत होती, आणि सहा वर्षांनी १० टक्के बोनस वेगळा. जोडखात्यात ४ लाख ८ हजारांची मर्यादा होती. बाबांनी ती पूर्ण भरली. महिन्याला ४,४२० रुपये सुरू झाले. पोस्टाच्या एजंट बाई पासबुक घेऊन घरी यायच्या, आई त्यांना चहा द्यायची, आणि त्या पैशांत किराणा, दूध, वीज, सोसायटी असं सगळं भागायचं.

सहा वर्षांनी, २००२ मध्ये, खातं संपलं. बोनसचे चाळीस हजार वेगळे पडले, पण तीच ४ लाख ८ हजारांची रक्कम पुन्हा ठेवायला गेलो तेव्हा दर ९ टक्के होता. महिन्याचे झाले ३,०६०. मुद्दलाला हात न लावताही घराचं उत्पन्न जवळपास एक तृतीयांशानं घटलं होतं, आणि ते सुद्धा किराणा सहा वर्षांनी महागल्यावर. पुढच्या मार्चपासून नव्या खात्यांना ८ टक्केच उरले. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचंही तसंच झालं: १९८६ पासून २००० पर्यंत स्थिर असलेले १२ टक्के तीन-चार वर्षांत ८ वर आले. नव्वदीत निवृत्त झालेल्या एका अख्ख्या पिढीनं हा धक्का सोसला. आमच्या कट्ट्यावर त्या काळात दुसरा विषय नव्हता. कुणी औषधं दिवसाआड घेऊ लागला, कुणी मुलाकडे राहायला गेला.

आमचं घर त्यातून सावरलं ते कपाटातल्या कागदांमुळे. व्याज एकदा ठरलं की मुदतभर तेवढंच राहतं. चांगल्या कंपनीचा लाभांश नफ्याबरोबर वर चढतो. चार रुपयांचे सहा, सहाचे नऊ, मध्येच बोनस शेअर. १९९७च्या अर्थसंकल्पानं लाभांशावरचा कर कंपनीकडून घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे हातात येणारा पैसा, २००२-०३ हे एक वर्ष सोडलं तर, पुढची तेवीस वर्षं करमुक्त होता. पोस्टाचे १,३६० रुपये घटले, ते वहीतल्या लाभांशाच्या पानानं हळूहळू भरून काढले. त्यातल्या दोन कंपन्या बुडाल्या, एकीनं लाभांश कायमचा थांबवला. तरीही भरून काढले. निवृत्तीच्या पैशात रोखे की शेअर, हा वाद मला त्यामुळे कधी पटला नाही. एकानं महिना काढायचा आणि दुसऱ्यानं महागाईशी झुंजायचं, अशी ही जोडी आहे. एकट्यावर भिस्त ठेवणारे दोन्हीकडचे लोक मी अडचणीत आलेले पाहिले.

लांब मुदतीचा ठरलेला दर तरी खात्रीचा, असं वाटावं तर त्याचीही एक गोष्ट आहे. १९९२ साली आयडीबीआयनं डीप डिस्काउंट बाँड काढला: आज २,७०० भरा, पंचवीस वर्षांनी एक लाख घ्या. मुलीच्या जन्माबरोबर तिच्या लग्नाचा बाँड, असा तो घरोघरी घेतला गेला. पुढच्या वर्षी सरदार सरोवर नर्मदा निगमचा आला, ३,६०० चे वीस वर्षांनी १ लाख ११ हजार. व्याजदर उतरल्यावर इतकं महाग कर्ज कोण सांभाळणार? आयडीबीआयनं मुदतीआधी परत घेण्याचा हक्क अटींमध्ये छापलेला होता, तो दहा वर्षांनी वापरला. नर्मदेसाठी गुजरात विधानसभेनं २००८ मध्ये वेगळा कायदाच केला आणि जानेवारी २००९ मध्ये ५० हजार हाती ठेवले. हिशेब केला तर पंधरा वर्षांना ते वार्षिक १९ टक्क्यांच्या आसपास पडतात, म्हणजे तेवढ्या वर्षांत कुणाचं नुकसान झालं नाही. पण चक्रवाढीची सर्वांत भरघोस वर्षं शेवटची असतात, आणि तीच कापली गेली. ते पन्नास हजार बँकेत ९ टक्क्यांनी ठेवले तर उरलेल्या पाच वर्षांत पाऊण लाखाच्या थोडे पुढे जाणार होते. रोखा घेताना दर सगळेच पाहतात. तो परत बोलावण्याचा हक्क कुणाकडे आहे हे मी तेव्हापासून आधी पाहतो.

आणि युनिट ट्रस्ट. त्याची युनिट ६४ योजना हा मराठी मध्यमवर्गाचा अर्धा देवघरातला विषय होता. नव्वदीच्या मध्याला त्यानं दहा रुपयांच्या युनिटवर २६ टक्के वाटले, २०००-०१ मध्ये १० टक्के, आणि जुलै २००१ मध्ये युनिट विकणं-घेणं सहा महिने गोठवलं. लहान धारकांना सरकारनं नंतर आधार दिला, युनिटांचे पुढे पावणेसात टक्क्यांचे करमुक्त रोखेही झाले, पैसे मिळाले. पण वाटलेला पैसा कमावलेल्या नफ्यातून येतो आहे की नाही, हा प्रश्न तोवर आमच्यात कुणी विचारलाच नव्हता.

तेव्हा तेरा टक्क्यांची आठवण काढून हळहळणाऱ्यांशी माझा खरा वाद आहे. १९९१-९२ मध्ये महागाई १३ टक्क्यांच्या वर होती. म्हणजे त्या वर्षी व्याज आलं आणि महागाईनं गिळलं. आज ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२ टक्के देते, तीस लाखांपर्यंत, दर तिमाहीला व्याज खात्यात. २०२४-२५ मधली ग्राहक महागाई ४.६ टक्के होती. रिझर्व्ह बँकेचे तरते बचत रोखे राष्ट्रीय बचत पत्रापेक्षा ०.३५ टक्का जास्त देतात, आणि दर सहा महिन्यांनी दर नव्यानं ठरतो. १९९६ ला सरकारी हमीचं ८.२ टक्के आणि साडेचार टक्के महागाई अशी जोडी मिळाली असती, तर बाबांनी ती डोळे मिटून घेतली असती.

सोयींविषयी तर बोलायलाच नको. सही जुळत नाही म्हणून परत आलेले कागद, पोस्टात गहाळ झालेली सर्टिफिकेटं, पन्नासपेक्षा कमी शेअर असले तर पडेल भावात विकणं, हे सगळं १९९६च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर संपत गेलं. सरकारचा रोखा म्हणजे बँकांचा आणि विमा कंपन्यांचा व्यवहार, अशी आमची समजूत होती. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून कुणीही दहा हजारांत तो घेऊ शकतो, चाळीस वर्षांचा सुद्धा, महाराष्ट्र शासनाचा सुद्धा. माझ्या दृष्टीनं गेल्या तीस वर्षांत सामान्य बचतदारासाठी झालेलं हे सर्वांत मोठं काम आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

मग हरवलं काय? पैसा डोळ्यांसमोरून गेला. आता लाभांश आल्याचा मेसेज वीजबिलाच्या आणि पिझ्झाच्या मेसेजांमध्ये येतो, रक्कम पगाराच्या खात्यात पडते आणि तिथेच विरघळते. बाबांच्या वहीमुळे आईला ठाऊक होतं की सप्टेंबरपर्यंत अमुक इतके येतील, त्यातून गणपती आणि दिवाळी. ते गेल्यावर तिनं कपाट उघडलं आणि सगळं समोर होतं. आज एखादा माणूस अचानक गेला तर बायकोला फोनचा पासवर्डही माहीत नसतो, डिमॅट खातं कुठल्या दलालाकडे आहे हे तर दूरच. सात वर्षं न घेतलेला लाभांश गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो, सात वर्षं सलग न घेतला तर त्याचे शेअरही जातात. ते परत मिळवता येतात. वारसांना त्यासाठी किती कागद गोळा करावे लागतात, ते मी शेजारच्या घरात पाहिलं आहे. मी म्हणून जुनी वही अजून चालवतो आणि लाभांश-व्याजासाठी बँकेत एक वेगळं खातं ठेवतो. बायकोचं नाव जोडलेलं. त्यातून वर्षभरात जेवढं आलं तेवढंच पुढच्या वर्षी खर्चायचं.

माझ्या भाचीला हे पटत नाही. ती पुण्यात नोकरी करते, तिशीची आहे, हिशेब पक्का. “मामा, लाभांश दिला की शेअरची किंमत तेवढीच उतरते. आपलेच पैसे आपल्या हातात, वर २०२० पासून आपल्याच उत्पन्नात धरून कर. त्यापेक्षा वाढू द्यावं, साठीनंतर महिन्याला थोडी युनिटं विकावीत.” म्युच्युअल फंडांच्या बाबतीत ती अगदी बरोबर आहे. २०२१ मध्ये सेबीनं फंडांतल्या लाभांश पर्यायाचं नाव बदलून त्यात भांडवल काढून घेतलं जातं हे स्पष्ट करायला लावलं, तेही योग्यच केलं. तिच्या वयाला वाढू देणंच शहाणपणाचं आहे, हेही मी मान्य करतो.

पण साठीनंतरचं? तिला मी वहीतलं २००८चं पान दाखवलं. जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांपर्यंत गेला होता, ऑक्टोबरमध्ये ८ हजारांखाली. त्या वर्षी घर चालवायला युनिटं विकावी लागली असती, तर आधीच्या अडीचपट विकावी लागली असती, आणि ती पुन्हा कधी वर आली नसती. बाबांनी त्या वर्षी काही विकलं नाही. शेअरच्या किमतींचा रकाना त्यांनी कोराच ठेवला होता, लाभांशाचा भरलेला होता, आणि बेरीज आदल्या वर्षापेक्षा थोडी जास्तच होती.

ती पान बराच वेळ वाचत होती. मग तिनं फोनवर रिटेल डायरेक्टचं खातं उघडायला घेतलं, सुरुवात दहा हजारांच्या एका रोख्यानं. व्याज कुठल्या बँक खात्यात जमा करायचं, असा रकाना आला तेव्हा तिनं मला विचारलं. मी म्हटलं, पगाराच्या नको.