विहिरीजवळची ओळ

माझी लेक अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला असते. दर ऑक्टोबरात ती सफरचंदं तोडायला बागेत जाते. दारातच पिशवीचे पैसे भरायचे, मग झाडाखाली हिंडत हाताने तोडून ती भरायची. यंदाचे फोटो मी आईला दाखवत होते. ८४ वर्षांच्या आईने ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "आपल्याकडंही आत्ता मोसंबीचा आंबे बहार तोडणीला आला असेल." तिचं माहेर घनसावंगी तालुक्यातलं. तिला आता प्रवास झेपत नाही, म्हणून मी निघाले.

कल्याणहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस धरली, पहाटे जालन्याला उतरले. पोलादाच्या भट्ट्यांचं हे शहर मागे टाकून एसटी अंबडच्या रस्त्याला लागली तेव्हा उजाडत होतं. गोलापांगरीच्या पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणीला बायका उतरलेल्या. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी दिसली आणि लहानपणी सवयीने जोडायचे तसे हात जोडले गेले. पुढे मोसंबीच्या बागा सुरू झाल्या. झाडांच्या खोडांना बोर्डो पेस्टचा निळसर पांढरा लेप होता, गुडघ्यापर्यंत मोजे घातल्यासारखा.

मामा फाट्यावर उभे होते. घरी चहा झाला आणि आम्ही थेट बागेत.

बाग त्यांनी बागवानाला, म्हणजे फळांच्या व्यापाऱ्याला, उक्ती दिली होती. परवा तोडणीची टोळी येणार होती. पण विहिरीजवळची एक ओळ ते दरवर्षी सौद्याबाहेर ठेवतात. ती घरची, लेकीबाळींची. मी पहिलंच फळ धरून ओढलं तर मामांनी माझं मनगट धरलं. "ओढू नको बाई. देठाशी साल फाटते आन तिथूनच सडायला लागतं. जरा पीळ दे, वर उचल." तसं केलं. बारीकसा कट् आवाज झाला आणि फळ हातात आलं, देठाचा हिरवा ठिपका तसाच ठेवून. सालीवर उभ्या रेघा, तळाशी रुपयाएवढी गोल खूण. मोसंबी ओळखावी ती या खुणेवरून. आणि ती आंब्यासारखी अढीत पिकत नाही. झाडावर जेवढी गोड झाली तेवढीच. म्हणून तोडणाऱ्याची नजर पक्की लागते. मामा रंग बघत नव्हते, फळ तळहातावर तोलत होते. जड लागलं तर तोडायचं, हलकं लागलं तर राहू द्यायचं. तासाभरात मलाही ते वजन कळायला लागलं, याचा मला फार आनंद झाला.

कलमं बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रातली. न्यूसेलर जात, रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधलेली. आंबे बहार घ्यायचा तर डिसेंबरात झाडाचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडून गळू लागली की जानेवारीत खत घालून पाणी सोडायचं, मग झाड फुलानं भरतं. या तहानेला शेतकरी 'ताण' म्हणतात. नऊ-दहा महिन्यांनी हातात येणारं फळ त्या मोजून दिलेल्या तहानेचं असतं.

न मोजलेली तहानही या बागेने पाहिली. २०१२ च्या पावसाळ्याने दगा दिला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. मामांच्या ४०० झाडांपैकी १५० गेली. टँकरचं पाणी त्यांनी झाडागणिक बादलीने घातलं. "माणसाच्या आधी झाडाला पाजलं," मामी म्हणाल्या. वाळलेली खोडं कुऱ्हाडीने तोडायची वेळ आली तेव्हा मामा दोन दिवस शेताकडे गेले नाहीत. नंतर कडवंचीला जाऊन तिथल्या द्राक्षबागायतदारांची शेततळी पाहून आले आणि पन्नी अंथरून स्वतःचं तळं केलं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या मानांकनामागे किती बादल्या आहेत, हे फळ खाणाऱ्याला कळावं असं मनापासून वाटतं.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. ते आणि लेकीची सफरचंदाची बाग आठवून मी मामांना म्हटलं, शहरातली माणसं इथे येऊन, पैसे देऊन स्वतः तोडतील की. फळगळीने आधीच निम्मा माल जातो, वर भाव बागवानाच्या हातात. त्यापेक्षा एक ओळ अशी खुली ठेवली तर? मामा विचारात पडले. "येऊ देत. पण आधी तोडायला शिकवावं लागेल. फांदी दुखावली तर पुढचा बहार जातो."

दुपारी अंबाडीची भाजी, भाकरी. संध्याकाळी पिशवी घेऊन परतीची गाडी.

दुसऱ्या दिवशी आईच्या हातात एक मोसंबी ठेवली. तिने ती तळहातावर तोलली, उलटी करून अंगठ्याने तळाची खूण चाचपली.

"कुठल्या ओळीची?"

"विहिरीजवळची."

"ती वाचली होय," म्हणाली, आणि सोलायला घेतली.