निजलेल्यांची राखण

आमचा व्यवसाय कोणता, असें कोणी विचारलें म्हणजे उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस क्षणभर थांबावें लागतें. “रुग्णालयांत लोक निजतात आणि आम्ही रात्रभर तें पाहत बसतों,” हें उत्तर अक्षरशः खरें आहे. परंतु तें ऐकून समोरच्या गृहस्थाच्या मुद्रेवर जें स्मित उमटतें त्यावरून, असल्या कामाचें वेतन घेणारा मनुष्य एक तर थट्टेखोर असावा किंवा परम भाग्यवान असावा, असा त्याचा ग्रह झालेला दिसतो. आमच्या एका वृद्ध आप्तांनीं तर, कुंभकर्णास जागविण्यासाठीं रावणानें माणसें पाठविलीं होतीं, पण त्यास निजलेला पाहण्यासाठीं कोणास पगार दिल्याचें रामायणांत आढळत नाहीं, असा शेरा मारिला. शाळेच्या वार्षिकांत माजी विद्यार्थ्यांनीं आपापल्या उद्योगाविषयीं चार शब्द लिहावे अशी रीत आहे. तिचा लाभ घेऊन हा शेरा आम्ही थोडासा खोडून काढूं इच्छितों.

निद्रा म्हणजे जागृतीचा केवळ अभाव, दिवा मालवल्यावर उरणारा अंधार, अशी समजूत पुष्कळ काळ शास्त्रज्ञांतही रूढ होती. मांडूक्योपनिषदानें स्वप्न आणि सुषुप्ति या दोन अवस्था निरनिराळ्या मानिल्या आहेत. परंतु हा भेद यंत्रावर उमटण्यास विसावें शतक उजाडावें लागलें. जर्मनींतील येना येथें हान्स बर्गर यांनीं १९२४ सालीं मनुष्याच्या मेंदूंतील विद्युत्तरंग प्रथम टिपले व १९२९ सालीं ते प्रसिद्ध केले. पुढें १९५३ सालीं शिकागो विद्यापीठाचे युजीन ॲसेरिन्स्की व नाथानिएल क्लाइटमन यांनीं दाखविलें कीं, निजलेल्या माणसाचे डोळे मधूनमधून पापण्यांआड वेगानें फिरूं लागतात आणि त्या वेळीं त्यास उठविलें तर बहुधा तो स्वप्न सांगतो. ॲसेरिन्स्की यांनीं या कामीं स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवतीं तारा चिकटविल्या होत्या. त्या काळीं सारा आलेख कागदावर निघे. कागद सेकंदास दहा मिलिमीटर या गतीनें सरके. तीस सेकंदांस तीस सेंटिमीटरांचें एक पान होई. आठ तासांची रात्र म्हणजे ९६० पानें, आणि तीं एकापुढें एक मांडिलीं तर सुमारें २८८ मीटर लांबीचा पट्टा! आतां कागद गेला व पडदा आला; परंतु तीस सेकंदांचें तें पान मात्र राहिलें. आम्ही अजूनही मनुष्याची रात्र पानापानानेंच वाचितों.

ही वाचनाची सामग्री जमविणें हेंच आमचें पहिलें काम होय. रोगी सायंकाळीं आठ साडेआठच्या सुमारास स्वतःची उशी बगलेंत मारून येतो. (याकोबास दगडावर डोकें ठेवून निजतां आलें व शिडीचें स्वप्नही पडलें, आमच्या रोग्यांस परक्या उशीवर डोळा लागत नाहीं.) मग फितीनें त्याचें डोकें मापावयाचें: नाकाच्या मुळापासून मस्तकाच्या मागील उंचवट्यापर्यंत, आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. त्या लांबीचे शेंकडा दहा व वीस असे भाग पाडून खुणा करावयाच्या, खुणेची कातडी खरखरीत मलमानें घासावयाची, आणि तेथें वाटीच्या आकाराचे इवलेसे सोनेरी इलेक्ट्रोड चिकट लेपानें बसवावयाचे. डोळ्यांजवळ दोन, हनुवटीवर तीन, छातीवर दोन, पायांवर दोन, छातीस व पोटास एकेक पट्टा, नाकाशीं नळी, बोटास रक्तांतील प्राणवायु मोजणारा लाल दिवा. केंसांस तेल न लावतां यावें, अशी सूचना चिठ्ठींत ठळक अक्षरांत छापलेली असते. तरी आमच्या लोकांचा खोबरेलावर एवढा लोभ, कीं दहांतील चौघे तरी चकचकीत मस्तकानें हजर होतात. तेलावर इलेक्ट्रोड ठरत नाहीं; मग शांपूची बाटली घेऊन आम्हांस न्हाव्याची भूमिका करावी लागते. एवढा जामानिमा अंगावर चढल्यावर आरशांत पाहून हंसला नाहीं असा रोगी विरळा.

दिवा मालविण्यापूर्वीं आम्ही शेजारच्या खोलींतून ध्वनिक्षेपकावरून आज्ञा देतों: डोळे मिटा, उघडा, डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, दांत आवळा, पाऊल हलवा, श्वास रोखा. प्रत्येक आज्ञेसरशी पडद्यावरील एकेक रेघ थरारते, आणि कोणती तार खोटें बोलत आहे तें तेव्हांच कळतें. त्यानंतर शांतता. मिटल्या डोळ्यांच्या जाग्या माणसाचे तरंग सेकंदास आठ ते तेरा या वेगानें चालतात. हळूंहळूं ते विस्कटतात. मग मधूनच चातीसारखा फुगीर झुबका उमटतो, म्हणजे झोंप खरी लागली. गाढ निद्रेंत तरंग मोठे व संथ होतात. आणि सुमारें दीड तासानें हनुवटीची रेघ एकाएकीं सपाट होते, डोळ्यांच्या रेघा नाचूं लागतात, आणि मनुष्य अशा ठिकाणीं गेलेला असतो, कीं तेथें आमच्या बावीस तारांपैकीं एकही पोंचत नाहीं. तो स्वप्न पाहत असावा एवढेंच आम्ही जाणतों. स्वप्न कोणतें, हें परमेश्वर जाणे.

आतां ज्या रात्रीनें आम्हांस आमच्या कामाचें वजन समजलें तिच्याविषयीं. मुंबई-नाशिक मार्गावर मालमोटार चालविणारा एक चाळिशीचा मनुष्य परीक्षेस आला होता. कसाऱ्याच्या घाटांत त्यास दोनदां डुलकी लागली होती. दुसऱ्या वेळीं बरोबरच्या पोरानें ओरडून सुकाणू धरिलें म्हणून दोघे वांचले. तो स्वतः येण्यास मुळींच राजी नव्हता. त्याच्या पत्नीनें हट्टानें धाडिलें होतें. तारा लावीत असतां तो खालच्या आवाजांत म्हणाला, “साहेब, कागदावर कांहीं वाईट येऊं देऊं नका. गाडी गेली तर चार माणसें उपाशीं मरतील.” आम्ही कांहीं बोललों नाहीं. निष्कर्ष सांगण्याचा अधिकार वैद्यांचा. आमचें काम टिपण्याचें.

तो पडल्या पडल्या निजला, आणि पांचव्या मिनिटास त्याचा श्वास थांबला. दहा सेकंद किंवा अधिक वेळ श्वास थांबला तरच त्याची नोंद व्हावयाची, असा नियम आहे. आम्ही मोजूं लागलों. वीस, तीस, चाळीस. नाकाची रेघ सपाट. परंतु छातीचा व पोटाचा पट्टा एकमेकांच्या विरुद्ध ओढाताण करीत होता, जणूं बाहेरून कडी घातलेल्या खोलींतील मनुष्य आंतून दारास धक्के देत आहे. निजलेल्या घशाचे स्नायु सैल पडून वाट मिटते, त्याचें हें चित्र. फुप्फुसांतलें रक्त बोटापर्यंत येण्यास वेळ लागतो, म्हणून प्राणवायूचा आंकडा जरा उशिरानें घसरतो. तो ९५ वरून ७१ वर आला. मग एक मोठा घोरका, सर्व अंगाला झटका, तीन चार खोल श्वास, आणि पुन्हां तीच सपाट रेघ. त्यास स्वतःस यांतील कांहींच ठाऊक नव्हतें. तासास पांचांहून कमी वेळां असें होणें चालून जातें; तिसांपुढें गेलें म्हणजे व्याधि तीव्र समजतात. त्याचे पहिल्या तासांतच सांठ झाले.

अशा वेळीं उठून त्यास हलवावें, अशी अनावर इच्छा होते. तसें करावयाचें नसतें. आंकडा अमुक मर्यादेखालीं गेला किंवा हृदयाची गति बिघडली तर काय करावें हें वैद्यांनीं लिहून दिलेलें असतें. त्या मर्यादेच्या आंत जो जो आपण त्यास उठवूं, तो तो त्याच्या रोगाचा पुरावा आपणच पुसूं. म्हणून आम्ही खुर्चीच्या कडेवर बसून राहिलों आणि त्याच्याबरोबर आपलाही श्वास रोखला जात आहे हें आमच्या ध्यानांत आलें.

दोन तासांचा पुरावा पुरेसा झाल्यावर, ठरलेल्या नियमाप्रमाणें आम्हीं त्याच्या नाकावर मुखवटा बसविला. सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेली ही युक्ति विलक्षण सोपी आहे: औषध नाहीं, शस्त्र नाहीं, नुसती दाबाची हवा घशांत सोडून मिटणारी वाट उघडी ठेवावयाची. पाण्याच्या चार सेंटिमीटरांच्या दाबापासून आम्ही थोडथोडें चढत गेलों. अकरावर येतांच घोरणें थांबलें. प्राणवायूची रेघ सरळ झाली. मग त्याचे डोळे नाचूं लागले, आणि ते किती वेळ नाचले म्हणून सांगावें! वर्षानुवर्षें अर्धवट तुटलेलीं स्वप्नें तो जणूं एका रात्रींत वसूल करीत होता.

सर्वच रात्री अशा नसतात. कोणी मूल आईचा पदर धरूनच निजतें व त्या आईची झोंप आमच्या कॅमेऱ्यांत फुकटची टिपली जाते; कोणी आजोबा स्वप्नांत चोराशीं मारामारी करून पलंगाच्या कठड्यास लाथ घालतात; कोणी रात्रभर जागें राहून सकाळीं आमचीच क्षमा मागतात. घरीं परतल्यावर खिडकीस काळा पडदा लावून आम्हीही आडवे होतों, तेव्हां नेमका भंगारवाला ओरडतो, हें ओघानें सांगितलें.

सकाळीं सहा वाजतां आम्हीं मालमोटारीच्या चालकाच्या तारा काढिल्या. तो पलंगावर बसून दोन्ही हातांकडे पाहत होता. “किती वेळां?” एवढेंच त्यानें विचारिलें. वैद्य गुरुवारीं सांगतील, असें आम्हीं म्हटलें; मुखवट्यानें रोग आंवरला तर गाडी सुटेलच असें नाहीं, हेंही तेच सांगतील, एवढें मात्र जोडलें. त्यानें मान हालविली आणि केंसांतला लेप धुवावयास तो निघून गेला.

त्याची पत्नी बाहेर बांकावर बसली होती. पहिल्या गाडीनें आली होती. डोळे तांबारलेले. वीस वर्षें उशाशीं बसून तिनें त्याचे श्वास मोजले होते, तेंच काम आम्हीं एक रात्र केलें होतें. आम्ही म्हणालों, “बाई, काल रात्रीं तुम्हांला तरी स्वस्थ झोंप मिळाली असेल.”

“कुठची?” ती म्हणाली. “घरांत आवाजच नव्हता, सारखी दचकून उठत होतें.”