तेरा टेकड्या आणि रुसलेले पाय

पुण्यात राहून सिंहगड न चढलेला माणूस शोधून दाखवा! रविवारी सकाळी आतकरवाडीच्या वाटेवर अर्धं पुणं भेटतं. आयटीवाले, बँकवाले, नुकतं लग्न झालेले, रिटायर झालेले, आणि 'आज किती मिनिटांत?' असं एकमेकांना विचारणारे आमच्यासारखे घड्याळवेडे. पण या सगळ्यांना एकदा तरी खुणावणारी एक वेगळी वाट आहे. तिला आम्ही प्रेमाने 'के टू एस' म्हणतो. कात्रज टू सिंहगड.

जुन्या कात्रज बोगद्यापाशी, वाघजाईच्या देवळाजवळ सुरुवात करायची आणि डोंगराची धार न सोडता सिंहगडाच्या घाटरस्त्यावर उतरायचं. अंतर साधारण १५-१६ किलोमीटर. ऐकायला काहीच नाही ना? मधे टेकड्या आहेत बॉस! कुणी तेरा म्हणतं, कुणी चौदा, कुणी सोळा. माझं मत विचाराल तर आकडा मोजणाऱ्याच्या दमावर ठरतो. प्रत्येक टेकडी चढायची, तितकीच उतरायची, मग पुढची. उंची कमावली की लगेच उधळायची, असा सगळा मामला. बहुतेक लोक हे चांदण्या रात्री, गप्पा मारत, सात-आठ तासांत चालतात. आम्ही ते दिवसा आणि पळत करणार होतो.

आम्ही म्हणजे मी आणि काका. काका माझे कुणी नातेवाईक नाहीत. आतकरवाडीच्या वाटेवरची ओळख. वय ५९, बँकेतून निवृत्त, चहा बिनसाखरेचा, बोलणं मोजकं. साठावा वाढदिवस दोन महिन्यांवर आला होता आणि त्याआधी के टू एस साडेचार तासांच्या आत करायचं असं त्यांनी मनाशी ठरवलेलं. एकट्याने धारेवर जायचं नाही हा त्यांचा घरचा नियम (काकूंचा, अर्थात). म्हणून सोबत मी. माझी नेहमीची गती त्यांच्यापेक्षा बरी. त्यामुळे मी पुढे राहून वेग धरायचा आणि काकांनी मागे चिकटायचं, असा साधासोपा प्लॅन.

फेब्रुवारीतला शनिवार. सव्वासहाला हेडलाइट लावून निघालो. आदल्या रात्री सात तास झोप, तीन लिटर पाणी पाठीवर, खजूर, चिक्की, सगळं जागच्या जागी. आणि पहिल्याच टेकडीवर मला कळलं की आज पाय आपले नाहीत.

हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगते. दुखत काहीच नसतं. धाप लागते तीही काही जगावेगळी नसते. फक्त रोजचं पाऊल कुणीतरी ओल्या वाळूत रोवून ठेवल्यासारखं जड होतं. दुसऱ्या टेकडीपर्यंत वाटतं, बॉडी गरम होईल. तिसरीपर्यंत वाटतं, काहीतरी खाऊ. चौथीवर बसून चिक्की खाल्ली. पाचवीवरही तेच पाय!

आठवडा ऑफिसात जाम गेला होता. क्वार्टर एंडच्या आधीची ती सुप्रसिद्ध घाई, रात्रीचे कॉल, एक्सेलच्या शीट्स. पण ते तर खुर्चीत बसून केलेलं काम, त्याने पाय का दमावेत? याचं एक मजेशीर उत्तर मिळतं. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात सॅम्युएल मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांना एकदा दीड तास कॉम्प्युटरवर सतत लक्ष द्यावं लागेल असं काम दिलं आणि एकदा दीड तास नुसती डॉक्युमेंटरी दाखवली. दोन्ही वेळा नंतर दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. डोकं शिणलेलं असताना लोक लवकर थांबले. गंमत म्हणजे हृदय, फुप्फुसं यांच्या कामात असं काही सापडलं नाही की ज्याने हे लवकर थांबणं समजावं. बदललं होतं ते 'किती जड जातंय' हे वाटणं. म्हणजे स्प्रेडशीटचा शीण थेट मांडीत उतरत नाही, पण चढ मात्र वाढवून दाखवतो. माझं त्या दिवशी हेच झालं होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण सोमवार ते शुक्रवार डोकं पिळून शनिवारी डोंगराला भिडणाऱ्या आपल्या जमातीने हे माहीत करून घ्यायला हरकत नाही.

एव्हाना उजाडलं होतं. उजवीकडे अख्खं पुणं धुरकट गोधडी पांघरून पडलेलं. डावीकडे खाली खेड शिवापूरचा हायवे, त्यावर मुंग्यांसारखे ट्रक. पाठीवर ऊन. आणि समोर, अगदी समोर, सिंहगडावरचा टीव्ही टॉवर. या वाटेवर तो टॉवर हा एक छळवाद आहे. रात्री त्याचे लाल दिवे दिसतात, दिवसा तो आख्खाच दिसतो, आणि कितीही टेकड्या ओलांडल्या तरी तो आहे तिथेच. एखाद्या खडूस बॉससारखा.

चढांपेक्षा उतार वाईट. फेब्रुवारीत गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, फोटोला झक्कास. त्याखाली मुरमाचा घसारा. पाय टाकला की खडे बॉल बेअरिंगसारखे सरकतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी खरी बोंब होते ती उताराची. काही टेकड्यांवर वणव्याने गवत जळून गेलेलं. तिथे पकड चांगली, पण काळी राख उडून दातापर्यंत. जिथे गवत आहे तिथे कुसळं. मोज्यांतून आरपार, पोटरीपर्यंत. आणि त्या काळ्या-पिवळ्या उजाड उतारावर मधेच एखादा पांगारा लालभडक फुललेला. त्याच्यापाशी मी दर वेळी थांबत होते. फुलं बघायला, असं काकांना सांगत होते.

काका मात्र त्या दिवशी भन्नाट सुटले होते. चौथ्या टेकडीपर्यंत माझ्या मागे होते, पाचवीवर बरोबर आले, सहावीवर पुढे. त्यांचा श्वास शांत, पावलं छोटी आणि पक्की. असा दिवस वर्षातून एखाद-दोनदा येतो. तो नेमका आज त्यांना आला होता आणि मला नेमका उलटा.

आठव्या की नवव्या टेकडीच्या खिंडीत (मोजणं सोडून दिलं होतं) खालच्या वाडीकडे एक पायवाट उतरते. मी तिथे बसले. दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. म्हटलं, "काका, तुम्ही व्हा पुढे. मी इथून उतरते, खाली रस्ता आहे."

"एकटी?"

"दिवस आहे हो. आणि तुमचा टाइम..."

काकांनी पाण्याचा घोट घेतला. वाटेकडे बघितलं, टॉवरकडे बघितलं. "मग दोघंही उतरू," म्हणाले. एवढंच. ना लेक्चर, ना 'कम ऑन, यू कॅन डू इट'.

मला घाम फुटला तो तेव्हा. कारण मी उतरले असते तर त्यांचा हा दिवस माझ्याबरोबर खाली गेला असता. मी त्यांना आग्रहाने पुढे पाठवलं असतं तर ते धारेवर एकटे, घरचा शब्द मोडून. आणि मी रेटून पळाले असते तर पुढच्या घसाऱ्यावर पाय मुरगळायची हमी. पाच मिनिटं आम्ही दोघं तिथे नुसते बसलो होतो. त्यांच्या मनगटावर घड्याळ चालू होतं, ते मला दिसत होतं.

शेवटी तोडगा निघाला. प्रत्येक टेकडी काकांनी आपल्या चालीने पळायची आणि माथ्यावर, मला दिसेल असं, थांबायचं. मी पळणार नाही, चालणार. त्यांना विसावा, मला सोबत.

ग्रुप ट्रेकचा जुना नियम तुम्हाला ठाऊक असेल. पुढचा माणूस माथ्यावर आरामात बसतो, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला रे पोचला की पुढचा उठून म्हणतो, "चला!" म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज त्यालाच ती कधी मिळत नाही. काकांनी असं एकदाही केलं नाही. मी पोचले की ते बसूनच राहायचे. खजूर पुढे करायचे. "तो बघ पुरंदर," म्हणायचे. एकदा शाहिस्तेखानाची गोष्ट सांगितली. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावर छापा घालून महाराज सिंहगडाकडे निघाले आणि मागे लागलेल्या मोगलांना चकवायला कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, अशी आख्यायिका. "आपण मशालींपासून महाराजांपर्यंत चाललोय," काका म्हणाले, "मोगलांनी हीच चाल उशिरा का होईना केली असेल." मला हसू आलं आणि हसताना लक्षात आलं की मघापासून मी चालतेय, थांबलेली नाही.

शेवटच्या दोन टेकड्या राहिल्या तेव्हा घाटरस्ता आणि त्यावरच्या गाड्या स्पष्ट दिसायला लागल्या. चार तास सोळा मिनिटं. मी म्हटलं, "काका, आता सुटा. इथून तुम्ही मला दिसता, मी तुम्हाला."

त्यांनी एकदा वळून बघितलं आणि गेले. त्या उतारावरून ५९ वर्षांचा तो माणूस ज्या पद्धतीने उतरला ना! हात पसरलेले, टोपी एका हातात, मागे धुळीचा पट्टा. मी भर उन्हात उभी राहून बघत होते. पुढची टेकडी चढताना तो निळा टी-शर्ट बारीक होत गेला.

मी रस्त्याला लागले तेव्हा ते एका मावशींच्या टोपलीशेजारी दगडावर बसले होते, हातात ताकाचे दोन ग्लास.

"किती?"

"चार चौतीस."

चार मिनिटं! मी काही बोलणार इतक्यात त्यांनी ग्लास हातात दिला. "मीठ कमी आहे, सांगून घे," म्हणाले. मग मावशींशी फेब्रुवारीतच एवढं ऊन कसं, यावर चर्चा.

खाली डोणज्याकडे जाणारी जीप मिळाली, पुढे बस. खिडकीची जागा मिळाली, पण गुडघे दुमडेनात, म्हणून पाय पॅसेजमध्ये. काका शेजारच्या सीटवर डायरीत तारीख लिहीत होते. वेळेच्या रकान्यात ४:३४ आणि पुढे कंसात 'मार्च'. मी मोज्यातली कुसळं काढायला घेतली. स्वारगेट येईपर्यंत डाव्या पायाची झाली होती.