अंधाराच्या गावी

नागपूरच्या एका मुलीने शाळेच्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात ध्रुवीय प्रकाशाचे चित्र पाहिले आणि त्या दिवसापासून तिला दुसरे काही सुचेना. हिवाळ्याच्या दीर्घ रात्री नॉर्वे देशातील ट्रॉम्सो नगरात दूरदूरचे प्रवासी जमतात. वाटाडे त्यांना नगराच्या दिव्यांपासून लांब, बर्फाच्छादित माळावर घेऊन जातात. आणि दैव अनुकूल असले तर माथ्यावर हिरव्या-तांबड्या प्रकाशाचे पडदे हेलावू लागतात. “आजोबा, आपण जाऊ या ना!” असा तिचा धोशा सुरू झाला.

पंच्याहत्तरी गाठलेल्या आजोबांना तो प्रवास झेपणारा नव्हता आणि घरच्या मिळकतीला तर मुळीच नव्हता. परंतु एक गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. एका संध्याकाळी गच्चीवर उभी राहून नातीने तारे मोजले, तेव्हा ते दोन्ही हातांच्या बोटांतच संपले होते. आजोबांचे बालपण नागपूरजवळच्या खेड्यात गेले. थंडीच्या दिवसांत ते वडिलांबरोबर हरभऱ्याच्या शेतात जागलीला जात. मचाणावर घोंगडी पांघरून तारे मोजता मोजता झोप लागे. तारे मात्र कधी संपत नसत. आता त्यांचा एक डोळा निकामी झाला होता आणि दुसऱ्याची नजरही मंदावत चालली होती. ‘नजर आहे तोवर हिला ते आकाश दाखवले पाहिजे,’ असे त्यांनी मनाशी ठरवले.

त्यासाठी नॉर्वेला जाण्याचे कारण नव्हते. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे काळोखे आकाश जपणारे उद्यान, हा मान मिळाला. तो आपोआप मिळाला नाही. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे आपला प्रकाश वर आकाशात उधळीत असत. ते बदलून केवळ जमिनीवर उजेड पाडणारे दिवे बसवण्यात आले. गावाचा उजेड गावापाशी राहिला आणि आकाशाला त्याचा अंधार परत मिळाला.

मार्गशीर्षातील अमावास्येच्या सुमारास आजोबा आणि नात निघाली. कामठी मागे पडली, रामटेकची टेकडी सांजछायेत बुडाली आणि मनसर ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना रान दाटू लागले. सिल्लारीला पोहोचेपर्यंत थंडी अंगाला झोंबू लागली होती. तेथे जवळच्याच खेड्यातला एक तरुण वाटाड्या म्हणून आला. त्याच्या हातातल्या विजेरीला लाल कागद गुंडाळलेला होता. “पहिली वीस-पंचवीस मिनिटे कोणी दिवा लावू नका,” तो म्हणाला. “डोळ्यांना अंधाराची ओळख पटायला तेवढा वेळ लागतो.”

नातीने लगेच विचारले, “इथे ध्रुवीय प्रकाश दिसेल का?”

तरुण हसला. “सूर्याकडून विद्युत्भारित कणांचा झोत सतत वाहत असतो. पृथ्वीचे चुंबकत्व त्यांतील काहींना ध्रुवांकडे वळवते. तिथे ते हवेच्या वरच्या थरांवर आदळले, की हवा उजळते. आपण उत्तरेला २१ अंशांवर. इथवर ते तेज येत नाही. मात्र मे २०२४ मध्ये सूर्यावर मोठे वादळ झाले, तेव्हा लडाखमधल्या हानले येथील कॅमेऱ्यांनी आकाशातली तांबूस आभा टिपली होती. पण ताई, तो प्रकाश पाहायचा म्हटले तरी आधी अंधारच लागतो. तो आपल्याकडे आहे. आता वर पाहा.”

तिने वर पाहिले आणि तिचे शब्द खुंटले. जिथे जिथे दृष्टी जाई, तिथे तिथे तारे होते. पूर्वेला मृग नक्षत्र तेजाने झळकत होते. पाठोपाठ व्याध वर येत होता. माथ्याजवळ कृत्तिकांचा पुंजका होता. आजोबांनी तिकडे बोट केले. “मला तिथे आता नुसता एक पुसट ठिपका दिसतो. तू मोजून सांग.”

“एक, दोन, तीन... सहा. नाही आजोबा, सात!”

“मी लहानपणी सहाच मोजल्या होत्या,” आजोबा म्हणाले. “सातवी तुझी.”

कृत्तिकांजवळच तांबूस रोहिणी होती. ती मात्र आजोबांना स्पष्ट दिसली. “रोहिणीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ६५ वर्षे लागतात,” तरुणाने सांगितले. नात क्षणभर हिशेब करीत राहिली आणि एकदम म्हणाली, “म्हणजे आजोबा, तुम्ही दहा वर्षांचे असताना हा निघाला!”

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “म्हणजे मी मचाणावर होतो तेव्हा. बरे झाले, तो पोहोचेपर्यंत मी राहिलो. आणि तूही आलीस.” नातीने त्यांचा गार पडलेला हात आपल्या शालीत घेतला.

ती दोघे घरी परतली, तेव्हा मध्यरात्र उलटत आली होती. नागपूर दिव्यांनी लखलखत होते. नात गच्चीवर गेली आणि तिने वर पाहिले. तारे पुन्हा मोजकेच उरले होते. परंतु पश्चिमेकडे कललेली रोहिणी तिने ओळखली. जिन्यावरचा दिवा उगाच जळत होता. तिने तो मालवला आणि आजोबांना हाक मारली.