यजमान नसलेली भिंत

हैदराबादकडून येणाऱ्याला आदिलाबादच्या आधी मावला लागतं. जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं हे दिसावं म्हणून इथल्या भिंतींवर काय काढायचं ते जवळजवळ ठरलेलंच असतं: मोरपिसांचा टोप घातलेला गुसाडी. मी भिंती रंगवतो. सुरुवात दुकानांच्या पाट्यांपासून केली, आता शाळा, कचेऱ्या, उद्यानांची कुंपणं. माझ्या घरात मराठी, गिऱ्हाइकाशी तेलुगू, आणि काढायला सांगितलेलं चित्र गोंड आदिवासींचं. ते मी कोणत्या नात्याने काढतो, हा प्रश्न मला परांचीवर उभं असताना छळतो.

गुसाडी रंगवायला अतिशय सुंदर आहे. टोपाच्या दोन्ही बाजूंना शिंगं, अंगाला राख, खांद्यावर कातडं, हातात दांडा, खोट्या दाढीमिशा. मोरपिसाचा डोळा जमवताना निळ्यावर हिरवा ओला असतानाच फिरवावा लागतो. वाळला की पिसातली चमक जाते आणि नुसता ठिपका उरतो. पण हा नुसता नाचाचा पोशाख नव्हे. दिवाळीच्या आधी दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची मंडळी, निघते तेव्हा टोप आणि वाद्यांची पूजा होते. तो टोप चढवणारा व्रतस्थ असतो, सगळं संपेपर्यंत आंघोळ करत नाही, आणि तेवढे दिवस त्याच्यात एत्मासूर हा देव असतो अशी श्रद्धा आहे. दंडारीची मंडळी पाहुणी म्हणून दुसऱ्या गावाला जातात, तिथे त्यांचं स्वागत होतं, सोयरिकी जुळतात. कोलाबोडीला, म्हणजे दंडारीच्या शेवटी, टोप उतरतो आणि माणूस पुन्हा माणूस होतो.

आता ठेकेदार काय म्हणतो ऐका. "भिंतीवर देव काढा, म्हणजे लोक लघवीला उभे राहत नाहीत." आपल्याकडे गावोगावी ही युक्ती चालते, त्यात कोणाला काही वाटत नाही. तीच भिंत, तेच गटार, फक्त गणपतीच्या जागी गुसाडी. गणपतीची विटंबना झाली तर बोलणारे दहाजण लगेच उभे राहतात. गुसाडीच्या पायावर पानाची पिचकारी पडली तर त्या रस्त्याने जाणारा गोंड शेतकरी गप्प पुढे जातो, कारण हे चित्र कोणी सांगितलं, कुठे तक्रार करायची हे त्याला ठाऊक नसतं, आणि त्याला कोणी विचारलेलंही नसतं. म्हणून मी गुसाडी भिंतीच्या खालच्या भागात काढत नाही. छातीच्या वर जागा असेल तरच.

तरुण गोंड पोरांपैकी काही म्हणतात, बाहेरच्याने हे काढूच नये. त्यांचा राग मला समजतो. मराठी आणि तेलुगू शेतकरी कुळं या जिल्ह्यात आली आणि काळी जमीन हळूहळू त्यांच्या नावावर गेली, हा इथला इतिहास आहे. २० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीत जमिनीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तिथला स्तूप आजही उभा आहे. ज्याची जमीन गेली त्याला उद्या आपला देवही दुसऱ्याच्या भिंतीवर दिसला, तर ते त्याला कौतुक कसं वाटेल?

तरीही रक्ताची अट मला पटत नाही, आणि तीही इथल्याच रिवाजामुळे. गोंडांच्या कुळकथा गातात ते प्रधान. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते. किकरी हे तंतुवाद्य हातात घेऊन यजमानाच्या दारात बसले की कथा गोंडीत होते. देवांच्या पितळी वस्तू ओततात ते ओझा. उषेगावची त्यांची भट्टी प्रसिद्ध आहे, आणि आदिलाबादच्या या ओतकामाला, डोकऱ्याला, २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत मेसराम हे गोंड कुळ गोदावरीचं पाणी पायी आणतं, पण पूजेची मडकी घडवतं सिरिकोंड्याचं एक कुंभार घराणं. ते घराणं गोंडांचं नाही. मेसराम मंडळी दरवर्षी त्यांच्याकडे जातात, मडकी सांगतात, मग चाक फिरतं.

म्हणजे दुसऱ्याच्या देवासाठी हात लावणं इथे कधीच वर्ज्य नव्हतं. गाणारा वेगळा, ओतणारा वेगळा, घडवणारा वेगळा. पण तिन्ही ठिकाणी मागणारा समोर आहे. प्रधान कथेत चुकला तर ऐकणारे म्हातारे त्याला तिथेच थांबवतात. मडकं तडकलेलं निघालं तर ते घेतलं जात नाही. माझ्या भिंतीला असा यजमान नाही. पैसे कचेरी देते, माप ठेकेदार घेतो, फोटो साहेब काढतात. ज्यांचा गुसाडी, ते या साखळीत कुठेच नाहीत. माझी तक्रार त्यांच्या या नसण्याबद्दल आहे.

वारल्यांच्या लग्नातला चौकही असाच, मागणारा समोर असलेला. लग्नघरी सवासिनी तो तांदळाच्या पांढऱ्याने लिहितात, पालघाट देवी त्यात बसते, लग्न लावणारी धवलेरी गाते. लग्नच नसेल तर चौक कशासाठी? जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरचं हे चित्र कागदावर नेलं आणि जगाला दाखवलं, पण काय न्यायचं ते एका वारल्याने ठरवलं होतं. आज सोसायटीच्या कुंपणावर स्टेन्सिल लावून तारपानृत्य उमटवणाऱ्याला कोणी काही सांगत नाही.

दुसरी एक गोष्ट मला त्याहून जास्त खुपते. "गोंड आर्ट पाहिजे" असं म्हणून साहेब मोबाइलवर चित्र दाखवतात. हरणाच्या शिंगातून झाड फुटलेलं, सगळं अंग ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेलं. ते मध्य प्रदेशातल्या पाटनगढचं. जनगढ सिंह श्याम यांनी ऐंशीच्या दशकात भोपाळच्या भारत भवनात ती शैली उभी केली; ते स्वतः परधान, गाणाऱ्यांच्या वंशातले. फार मोठा चित्रकार. पण त्यांची रेघ आदिलाबादची नाही. इथल्या गोंडांना त्यांच्याच गावाच्या वेशीवर परक्या मुलखातलं चित्र 'तुमचं' म्हणून दाखवणं म्हणजे पाहुण्याचं नाव न विचारता त्याला हार घालणं. इथलं काही हवं असेल तर गुंजाळा गावच्या पोथ्यांची गोंडी लिपी आहे, २०१८ साली युनिकोडमध्ये आलेली. ती अक्षरं भिंतीवर लिहिताना माझा पाट्यावाला हात सुखावतो. पण लिहिण्याआधी वाचणाऱ्याला शेजारी उभं करावं लागतं, कारण एका वळणाचा फरक मला कळणार नाही आणि त्याला कळेल.

बाहेरच्या माणसाला असं विचारून, सोबत राहून काम करणं साधतं का? मारलवाई या इथल्या गोंड गावात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हा मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात येऊन राहिला. निझामाविरुद्ध उठलेला गोंड नेता कोमरम भीम मारला गेल्यानंतर निझामाच्या सरकारला गोंडांचं दुखणं समजून घ्यायचं होतं. त्याने फोटो घेतले, कथा उतरवल्या, पुस्तकं लिहिली, घेतलं खूप. पण त्याच्या खटपटीने गोंडांना जमिनीचे पट्टे मिळाले, गोंडीतून शाळा निघाल्या, आणि वाचनमाला देवनागरीत छापल्या गेल्या. पुढची कितीतरी वर्षं तो परत येत राहिला. त्याची आणि त्याच्या पत्नीची समाधी मारलवाईतच आहे, आणि गाव दर जानेवारीत तिथे जमतं. त्याच मारलवाईचे कनक राजू. गुसाडी नाच त्यांनी दिल्लीपर्यंत नेला, पोरांना शिकवला, २०२१ ची पद्मश्री घेतली, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात गेले. त्यांच्याकडून एक गोष्ट घ्यावी: नाच बाहेर नेला त्यांनी, पण स्वतः शिकवून, स्वतः पुढे उभं राहून.

माझ्या धंद्यात याचा मार्ग अंदाजपत्रकातून जातो. भिंत खरवडणं, प्राइमर, दोन हात इमल्शन, परांची, मजुरी, सगळ्याची ओळ असते. मी त्यात आणखी एक ओळ घालतो: ज्या गावाची दंडारी त्या गावच्या पटेलाला आणि एका प्रधानाला भिंतीवर बोलावण्याचं मानधन आणि भाडं. कच्चं रेखाटन त्यांनी पाहायचं, नको ते पुसायचं, आणि कोपऱ्यात माझ्या नावाच्या वर त्या गावाचं नाव. कधी ही ओळ पास होते. कधी साहेब लाल शाईने खोडतात आणि विचारतात, चौरस फुटाच्या दरात हे कुठे बसतं? तेव्हा मी काम सोडत नाही, चित्र बदलतो. कापसाच्या गाड्या काढतो, बाजारसमितीचा काटा काढतो, सागाची पानं काढतो. गेल्या वेळी एका साहेबांनी विचारलं, गुसाडी कुठे गेला? मी म्हटलं, साहेब, ती ओळ परत लिहा, मग बोलवू.